हेमराजच्या रकान्यातली बोरं

देवळीच्या बाजारात मोतीलालजींचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात त्यांचा एकुलता एक मुलगा हेमराज बसत नव्हता, ही गोष्ट साऱ्या देवळीला ठाऊक होती. कुणाचं दुकान चाललं, कुणाचं बुडालं, याची जितकी चर्चा होत नसे तितकी हेमराजच्या न बसण्याची होई. केस कापायला गेला, बसथांब्यावर उभा राहिला, लग्नाच्या पंगतीत पानावर बसला, की कुणीतरी विचारायचंच, "काय गा हेमराज, अजून कम्प्युटरच करून राह्यला काय?" जणू कम्प्युटर म्हणजे कांजिण्या. निघतील आणि जातील.

हेमराज नागपूरला राहून एमसीए झाला होता. परत आल्यावर त्यानं एका जिनिंगवाल्याला कापसाच्या वजनाचा प्रोग्राम करून दिला, एका शाळेला निकालपत्रकांचा. अंगानं उंच, जरा वाकलेला, बोलणं संथ. दुकान सोडलं तरी दुकानानं त्याला सोडलं नव्हतं. फिरत्या खुर्चीवरही तो चपला खाली जोडीनं काढून मांडी घालून बसे. हाती आलेला कोणताही कागद, मग ते वर्तमानपत्र असो की डॉक्टरांचा रिपोर्ट, थानाची घडी घालावी तशी चापून घडी घाली. आणि 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून सरळ निघत नसे. कापडवाल्याचा मुलगा तो. हिरवा रंग दुकानात नसला तरी "उद्या येते, बाई" म्हणण्यात त्याचं लहानपण गेलेलं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेकडच्या एका धर्मादाय दवाखान्यानं त्याला बोलावलं. तिथं एका औषधाची चाचणी सुरू व्हायची होती. आसपासच्या गावांतल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या. गोळ्या दोन प्रकारच्या, दिसायला एकसारख्या. कोणत्या बाईला कोणती गोळी मिळाली हे तिलाही कळता कामा नये आणि देणाऱ्या डॉक्टरलाही. दर महिन्याला डबी भरून द्यायची, मागच्या महिन्याची डबी परत घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या. दिल्या त्यातून उरल्या त्या वजा केल्या की पोटात किती गेल्या ते कळतं. हे सगळं कागदावर न ठेवता कम्प्युटरवर ठेवा, असं पुण्याच्या संस्थेचं म्हणणं होतं, आणि चाचणीचा खर्च तीच संस्था देत होती.

चाचणीच्या प्रमुख डॉ. सुलोचनाबाई. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, चाल झपाझप, बोलणं त्याहून झपाझप. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हेमराज, आम्हाला काय हवंय ते अगदी साधं आहे. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

हेमराजनं लिहून घेतलं, मान डोलावली आणि घरी येऊन तो कागद घडी घालून ठेवून दिला. गिऱ्हाईक तोंडानं सांगतं ते त्याला हवं असतंच असं नाही, हे तो चालायला शिकला तेव्हापासून पाहत आला होता. मोतीलालजींचा एक नियम होता. समोर बसलेल्या बाईला पहिलं लुगडं दाखवायचं ते विकायला नाही, नापसंत करायला. "एवढा मोठा काठ? नको बाई!" असं ती म्हणाली की काठ लहान हवा हे कळलं. तीन लुगडी नापसंत झाली की चौथं गाठोड्यातून बरोबर तेच निघतं.

तेव्हा दुसऱ्या आठवड्यात हेमराज दवाखान्यात गेला तो काखेत खाकी कागदाची गुंडाळी घेऊन. कापडाच्या गठ्ठ्यांवर येतो तो कागद. त्यावर त्यानं कम्प्युटरच्या पडद्याची चित्रं काढली होती, आणि मुद्दामच चुकीची काढली होती. टेबलावर त्यानं पहिला कागद सर्रकन उलगडला.

"अहो, हे काय?" सुलोचनाबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "बाईचं नाव सगळ्यांना दिसतंय की!"

"मग कोणाला दिसू नये?"

"गोळ्या मोजणाऱ्याला दिसायला हवं. रक्त तपासणाऱ्याला नको, त्याला नुसता नंबर द्या."

हेमराजनं कोपऱ्यात बारीक टिपलं आणि दुसरा कागद उलगडला.

"आणि हे? तारीख चुकली की नोंदच होत नाही? असं कसं चालेल!"

"किती दिवस चुकली तर चालेल, बाई?"

अशा रीतीनं सुलोचनाबाई तासभर रागावत होत्या आणि हेमराज तासभर टिपत होता. शेवटी त्या थकून म्हणाल्या, "तुम्हाला काही येतं की नाही हो?" तोवर त्याला हवं ते सगळं मिळालं होतं.

त्या खोलीत आणखी एक बाई होती, रक्षा. पवनारकडच्या गावांत लुनावरून फिरणारी परिचारिका. डबी तिच्याच हातून जायची आणि तिच्याच हाती परत यायची. तिनं एकाच कागदाला हरकत घेतली. लागोपाठ दोन भेटींना बाई भेटली नाही, की पडद्यावर 'हरवली' असं यायचं होतं.

"हरवली कायले लिहिता, भाऊ? ते आर्वीले गेली असन मायकडे. पोळ्याले गेली की दिवाळी करूनच येते."

"मग काय लिहू?"

"माहेरी. तसाच एक रकाना ठेवजो."

रकाना ठेवला गेला. सुलोचनाबाईंनी पुण्याला कळवलं, पुण्यानं तीन वेळा अर्थ विचारला आणि मान्य केलं.

मग हेमराजनं सबंध रचना मांडायला घेतली. दवाखान्यानं दिलेल्या खोलीची एक भिंत खाकी कागदांनी भरली. पुढच्या बाजूला पडदे, तिथं रक्षासारखी माणसं नोंद करणार. मागं माहितीचं कोठार, तिथं कुणाला थेट जायला मिळणार नाही. दोहोंच्या मध्ये नियमांचा पहारा. पुढून आलेली नोंद तपासायची, नियमात बसली तरच मागं धाडायची. कोणत्या बाईला कोणती गोळी, ही यादी अगदी वेगळी, कुलपात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकदा केलेली नोंद कधी पुसायची नाही. चुकली तर जुनी तशीच ठेवून पुढं नवी लिहायची. कुणी बदललं, कधी, कशासाठी, हेही लिहायचं.

एके दिवशी मोतीलालजी वर्ध्याला ठोक माल घ्यायला आले होते, ते पोराचं काम पाहायला खोलीत डोकावले. भिंतीपुढे हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले.

"हे पुढं कोण बसते?"

"नोंद करणारे."

"म्हणजे गिऱ्हाइकापाशी. अन् हे मागं गोदाम. मधात कोणी तरी पाहून राह्यला, माल बरोबर हाय की नाई. अन् हे कुलूप." मोतीलालजी वळले. "अबे, हे तर आपलंच दुकान हाय! दुकानातून पळून येऊन तू दुकानच काढलं काय?"

हेमराज कानापर्यंत लाल झाला. गोष्ट खरी होती आणि त्याच्या लक्षात आली नव्हती.

हसणं झालं, पण मोतीलालजी जायला निघाले नाहीत. त्यांचे गुडघे दुखू लागले होते. वरच्या फळीवरचं थान काढायला शिडीवर चढताना त्यांना दोनदा थांबावं लागे. कापड दाखवायला पगारी माणूस मिळतो, गादीवर घरचंच माणूस लागतं, हे त्यांचं ठाम मत.

"हेमराज, मी तुले अडवत नाई. हे काम जमलं, या लोकांनी तुले ठेवलं, तर गादीचं नाव काढणार नाई. पण नाई जमलं, तर पुढच्या उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या आत येऊन बसजो. मले आता शिडी होत नाई रे."

बापानं दटावलं असतं तर हेमराजनं काहीतरी गोल उत्तर दिलं असतं. ही विनवणी होती. तो म्हणाला, "बसीन, बाबा."

चाचणी दसऱ्यानंतर सुरू झाली. कम्प्युटर चालला. वीज गेली की थांबायचा, आली की चालायचा. पुण्याच्या संस्थेनं कळवलं, संक्रांतीनंतर आमच्या तपासणीस येतील, त्यांनी पसंत केलं तर हीच रचना आणखी दोन ठिकाणी लावू आणि हेमराजला कायम करू. पसंत केलं नाही, तर त्यांच्याकडे तयार सॉफ्टवेअर होतंच.

तपासणीस यायच्या आदल्या दिवशी सकाळी सुलोचनाबाईंनी सहज म्हणून याद्या काढल्या आणि हेमराजला हाक मारली. ती हाक औषधवाटपाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेली.

"हे वाचा."

हेमराजनं वाचलं. पवनारच्या पलीकडच्या एका गावातल्या शकुंतलाबाई. गोळ्या दिल्या तीस. परत आल्या एक्केचाळीस.

"म्हणजे बाईनं गोळ्या खाल्ल्या नाहीत, पिकवल्या?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "आणि ही एकटी नाही. हिच्या तर बासष्ट आल्या आहेत!"

रक्षाला बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "ते बोरं होते, बाई."

"बोरं?"

"एक्केचाळीस बोरं. अन् ते बासष्ट म्हणजे शेंगा. भुईमुगाच्या."

"तू बोरं मोजलीस? आणि कम्प्युटरवर चढवलीस?"

"तुम्हीच सांगतलं होतं न! 'डबीत जे येईल ते मोजा, आपल्या मनानं काही वगळू नका.' मी एकडाव अर्धी तुटलेली गोळी सोडली, तर तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या मले. मंग मी काऊन सोडू? 'बोरं' असं लिहाले गेली, तर हा पडदा अक्षरच घेत नाई. रकाना कोरा ठेवला, तर पुढं जाऊ देत नाई. आकडाच पाह्यजे त्याले." तिनं हेमराजकडे पाहिलं. "मंग देला आकडा."

हेमराजला आठवलं. त्या रकान्याचा कागद उलगडला तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या, 'इथं नुसते आकडे हवेत,' आणि त्यानं तसंच केलं होतं. दिल्या त्याहून जास्त परत येतील हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून नियमांच्या पहाऱ्यानंही आकडा अडवला नव्हता. लुगडं विकत घेणारीला त्यानं दहा वेळा विचारलं होतं. नेसणारीच्या घरी तो एकदाही गेला नव्हता.

सुलोचनाबाईंनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आला. "हेमराज, तुम्ही हे आतून नीट करू शकता ना? कोठाराची किल्ली तुमच्याजवळच आहे. आकडा बदलायचा, मागचा माग ठेवायचा नाही. यात लबाडी काही नाही हो, बोरं ती बोरंच."

करू शकत होता. पाच मिनिटांचं काम. न केलं तर उद्या पुण्याच्या बाई ते एक्केचाळीस पाहणार, हसणार किंवा रागावणार, आणि लग्नसराईच्या आत तो गादीवर. त्याच्या ओठांवर सवयीनं "पाहतो, बाई" आलंही. पण त्याला दुकानातला कापड मोजायचा लोखंडी मीटर दिसला. तो टोकाला बोटभर कापला तर गिऱ्हाइकाला कधी कळणार नाही. पण त्या दिवसापासून दुकानदाराला स्वतःसाठी सदऱ्याचं कापडही त्या मीटरनं मापता येणार नाही.

"नाही, बाई," हेमराज म्हणाला.

म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. मग सावरून म्हणाला, "नोंद राहील. तिच्यापुढं खरी नोंद करू. पण खरा आकडा आपल्याला कुठं माहीत आहे? तो आणायला पाहिजे."

सुलोचनाबाई गळ्यातला चष्मा उगाचच पुसत म्हणाल्या, "जा. आणि संध्याकाळच्या आत या."

लुनावर रक्षा पुढं आणि उंच हेमराज मागं, गुडघे कोपरांशी घेऊन, असे दोघं धाम नदीचा पूल ओलांडून गेले. वाटेत दोन म्हशींनी आणि एका मास्तरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

शकुंतलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. रक्षानं डबीचं विचारलं, तशा त्या खुशीत आल्या.

"बोरं गोड होते न? बांधावरच्या बोरीचे हाय."

"गोड होते, मावशी. पण डबीत टाकले कायले?"

"मंग रिकामी डबी धाडू काय?" शकुंतलाबाईंना प्रश्नच कळला नाही. "संक्रांतीचा महिना. तू दर महिन्याले भरून डबी देते, अन् मी तुले रिकामं भांडं वापस करू? मले काय मायनं शिकवलं नाई?"

हेमराज पुढं झाला. "मावशी, रिकामी नव्हती ना ती? गोळ्या उरल्या होत्या का?"

"उरल्या होत्या न चार-पाच. लग्नाले गेलती न मी सेलूले, तवा राह्यल्या. मंग ते काढल्या डबीतून."

"काढल्या? का?"

"काढल्या नाई, तं बोरं कशात मावन, बाप्पा!"

गोळ्या कुठं गेल्या? कुठंही गेल्या नव्हत्या. देवाच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी एका वाटीत झाकून ठेवल्या होत्या. औषध ते, टाकायचं कसं? रक्षानं मोजल्या. पाच. शेंगांच्या घरीही तोच प्रकार निघाला. तिथं गोळ्या पिठाच्या डब्यावर होत्या. आणखी एका घरी हेमराजला तिळाचा लाडू मिळाला, त्याची मात्र नोंद झाली नाही.

निघताना शकुंतलाबाईंनी त्याला न्याहाळलं. "कोणाचा गा तू?"

"देवळीच्या मोतीलालजींचा."

"कापडवाल्याचा? अन् मंग दुकान सोडून आमच्या गोळ्या काऊन मोजून राह्यला?"

इथंही तेच! हेमराजनं हात जोडले आणि लुनावर बसला.

संध्याकाळी त्यानं पडद्यावर दोन गोष्टी केल्या. प्रत्येक जुन्या आकड्यापुढं नवा आकडा चढवला आणि कारणाच्या जागी जे घडलं ते लिहिलं. आणि 'परत आलेल्या गोळ्या' या रकान्याखाली नवा रकाना काढला, 'डबीत आणखी काय आलं', अक्षरं घेणारा. सुलोचनाबाई तो पाहून कपाळावर हात मारणार होत्या, पण हात अर्ध्यावर थांबला. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मैत्रेयीबाई आल्या. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, आणि तोंडावर कसलाही भाव न ठेवणाऱ्या. मोतीलालजीही आले होते. काम मालाचं होतं असं ते म्हणाले, पण सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून होते. त्यांना तिथं पाहून हेमराजनं हातातल्या यादीची चापून घडी घातली.

मैत्रेयीबाई पडदे पाहत गेल्या. 'माहेरी'पाशी थांबल्या, पुढं गेल्या. मग एक्केचाळीसवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"बोरं," हेमराज म्हणाला. आणि सगळं सांगितलं, आपला अक्षरं न घेणारा रकाना धरून.

"ही चूक तुमच्या लक्षात आली काल. पुसता आली असती?"

"आली असती."

"पुसली का नाही?"

हेमराजला मीटरचं सांगता आलं असतं. पण पुण्याच्या बाईंना दुकानातलं काय सांगायचं? "पुसायची सोय मी कुणालाच ठेवलेली नाही," एवढंच तो म्हणाला. "मग मीच ती कशी घेऊ?"

मैत्रेयीबाईंनी काही लिहिलं. मग रक्षाकडे वळल्या. "एक्केचाळीस नक्की? चाळीस नाही?"

"दोनदा मोजले," रक्षा दुखावून म्हणाली.

तेव्हा पहिल्यांदा मैत्रेयीबाई हसल्या. त्या म्हणाल्या, "सुलोचनाबाई, ज्या केंद्रावर सगळे आकडे जुळतात ना, तिथं मी दोन दिवस जास्त राहते. इथून मी आजच्या गाडीनं जाते." मग हसू आवरून त्यांनी ताकीदही लिहिली: सगळ्या बायकांच्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या पुन्हा मोजाव्या, पुढच्या वेळी रकाने ठरवण्याआधी गावात जावं. आणि शेवटी, ही रचना उरलेल्या दोन केंद्रांवर लावावी. बोरांच्या रकान्यासकट.

हेमराज बाहेर आला. मोतीलालजी बाकावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"ठेवलं त्यांनी?"

"ठेवलं."

"कायम?"

"कायम."

मोतीलालजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथंच राहिला, काढावा की नाही ते न ठरल्यासारखा. "चांगलं झालं," ते म्हणाले. खरंच चांगलं वाटलं होतं त्यांना. आणि वाईटही.

देवळीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले.

"रविवारी येत जाईन मी दुकानात," हेमराज म्हणाला.

"रविवारी दुकान बंद राह्यते."

"हो. राह्यते."

मग मोतीलालजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "दिपाली बसन काय रे?"

दिपाली हेमराजची बायको. बी. कॉम. झालेली. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"तुम्ही विचारा तिले."

"मी? सासरा हाओ मी. ते नाई म्हणू शकन काय मले? तू विचार."

"मी विचारलं तर म्हणन, स्वतःले नको म्हणून मले बसवून राह्यले."

"मंग खरंच हाय ते!"

घर येईपर्यंत हेच चाललं. घरी दिपालीनं चहा ठेवला तरी दोघंही दारात उभे, एकमेकांना कोपरानं ढोसत. शेवटी तीच म्हणाली, "कायम केलं हे समजलं चेहऱ्यावरून. मंग आता काय राह्यलं?"

मोतीलालजींनी घसा खाकरला आणि विचारलं.

दिपालीनं चहात साखर घातली, ढवळली. "बसीन," ती म्हणाली. "पण शिडीवर माणूस ठेवा. दुपारी पोरीची शाळा सुटते तवा तासभर मी घरी येईन. अन् बाईले जे शोभत नाई, ते लुगडं मी तिच्या गळ्यात मारणार नाई. शोभत नाई, असं तोंडावर सांगीन."

"तोंडावर?" मोतीलालजी कळवळले. "अवो, दुकान हाय ते!"

पहिल्या दोन अटी त्यांनी उभ्याउभ्याच मान्य केल्या. तिसरीवर चहा निवेपर्यंत वाद घातला, आणि हेमराज मांडी घालून दोघांचं ऐकत बसला.